रास्त वापर

एकशे बारा बायका दाराकडे बघतात.
एवढंच आहे त्यात. सात मिनिटं.
जुन्या जाहिरातींतून वेचलेल्या,
फ्रिजच्या, साबणाच्या, केकच्या तयार पिठाच्या.
हातात फडकं, गळ्यात मोत्यांचा सर,
आणि बेल वाजली म्हणून वळलेली मान.
बेलसुद्धा मी काढून टाकली.
दार हलायच्या आत कापलं, दर वेळी,
एक फ्रेमही पुढे जाऊ दिली नाही.
रॉचेस्टरचे तीन हिवाळे,
बाहेर तळ्यावरून येणारा बर्फ, आत हीटरची खाटखूट,
आणि मी
कुणालाही घरी येऊ देत नव्हते.

मग नोटीस आली.
यंत्रानेच ओळखलं, यंत्रानेच उतरवलं.
अकरा सेकंद. मालक : फ्रिजची कंपनी,
जी आता फ्रिज बनवतही नाही.

मोफत सल्ला केंद्रात एझकिएल प्रुडोम,
वय असेल सव्वीस, टायवर कॉफीचा डाग.
म्हणाला, फॉर्मात लिहावं लागेल :
किती घेतलंत, कशासाठी घेतलंत,
त्यांचं गिऱ्हाईक तुटलं का,
आणि तुमचं असं काय घातलंत त्यात.
मी म्हटलं, घातलं काहीच नाही.
नवरा काढला.
तो हसला नाही.
लिहून घेतलं त्यानं.

‘फेअर यूज’ला आपल्यात काय म्हणतील,
परतीच्या बसमध्ये जुळवत बसले.
रास्त वापर.
शब्द जुळला आणि रॉकेलचा वास आला :
जयसिंगपूर, रास्त भावाचं दुकान,
कार्डावर निळ्या शाईच्या टिकल्या,
माणशी साखर, आणि बोरगावेंची करंगळी
तराजूच्या पारड्याला हळूच टेकलेली.
सगळ्या रांगेला दिसायची.
आई तिथे काही बोलायची नाही.
घरी येऊन वाटीनं पुन्हा मोजायची,
आणि कमी भरली की
शेजारच्या कुसुमताईंकडे मला पाठवायची. उसनी.
परत देताना वाटी रिकामी द्यायची नसते,
चार शेंगदाणे, एक लिंबू, काहीतरी घालून.
हे फॉर्मात कुठल्या रकान्यात बसेल,
एझकिएलला विचारायचं राहिलं.

जे इंटरनेटवर चालत नाही
ते साउथ वेजमधल्या लॉन्ड्रीत चालतं.
मालकीणबाईंनी भिंत दिली, मी प्रोजेक्टर आणला,
गोल काचांमागे लोकांचे कपडे गरगरत होते
आणि त्यांच्या वर, भिंतीवर,
एकामागून एक वळणाऱ्या माना.
एक म्हातारी उठून उभी राहिली.
थांबव, म्हणाली. ती मी.

लॉरेन डिबोव्स्की. वय ब्याऐंशी.
पस्तीस डॉलर मिळाले होते, दिवसाचे.
त्या टर्कीवर वॉर्निश होतं, तिनं सांगितलं,
हात लावला की बोटं चिकटायची.
आणि दाराकडे कोण बघत होतं?
दारावर घड्याळ होतं.
बाराला जेवणाची सुट्टी.

मी तीन वर्षं जी नजर जपून कापली
ती भुकेची होती. साधी, दुपारची.
कंपनीनं तिच्यात नवरा घातला.
मी काढला.
सँडविच कुणालाच दिसलं नाही.

तुझी हरकत नाही ना, मी विचारलं,
तुला न विचारता तुला घेतलं.
तिनं उत्तर दिलं नाही.
पुन्हा लाव म्हणाली, फक्त माझं.
अकरा सेकंद.
पुन्हा.
मान किती छान होती, नाही?

शेवटचा रकाना अजून कोरा आहे.
ड्रायर थांबला तशी लॉरेननं
गरम पलंगपोस बाहेर ओढला,
आणि त्याची दोन टोकं माझ्या हातात दिली,
न विचारता.
मग आपली दोन घेऊन
माझ्याकडे चालत आली.